मस्ती, आळस की एडीएचडी? तिस्कावर पेटलेला वाद

भाईच्या नातवाच्या शाळेतून पुन्हा चिठ्ठी आली: मुलाला एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता, उतावळेपणा) दाखवून घ्या. फोंड्याच्या तिस्क नाक्यावर, मिरची भज्यांची पुडी फुटता फुटता त्याने हे सांगितलं आणि फुटबॉल राहिला बाजूला.

निवृत्त मास्तर लगेच सरसावले. "आमच्या वेळी असले आजार नव्हते. दोन फटके दिले की पोर ताळ्यावर."

"ताळ्यावर आलेली तुम्हाला दिसली, मास्तर. शाळाच सोडून गेली ती कुठे दिसली?" फार्मसीवाला म्हणाला. (हा माणूस एरवी बोलत नाही, बोलला की असा.)

"अमेरिकेचं फॅड आहे हे!" मास्तर.

बाबूची वैनी समुपदेशक आहेत. त्या म्हणाल्या, "फॅड असेल तर बरंच जुनं आहे. जॉर्ज स्टिल नावाच्या डॉक्टरांनी लंडनमध्ये 1902 साली अशा मुलांवर व्याख्यानं दिली होती. नाव तेवढं बदलत गेलं."

भाईचा मुद्दा मात्र बिनतोड वाटत होता. "पोरगा मोबाइलवर तासन् तास हलत नाही. मग लक्ष लागत नाही कसं?"

"लक्ष आहे, ते कुठे लावायचं त्यावर ताबा नाही," वैनी म्हणाल्या. "गेम क्षणाक्षणाला बक्षीस देतो. पाढे काय देतात?"

मास्तरांना हे झोंबलं असावं. "मग डोक्याचा फोटो काढा, कळेल काय ते."

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते, आमच्यातल्यांचीही झाली. स्कॅन किंवा रक्ततपासणी करून एडीएचडी ठरत नाही. डॉक्टर आईवडिलांना खोदून खोदून विचारतात, घर आणि शाळा दोघांकडून प्रश्नावल्या भरून घेतात. लक्षणं किमान 6 महिने असावी लागतात, वयाच्या 12 वर्षांआधी दिसलेली असावी लागतात आणि एकाहून जास्त ठिकाणी. नुसत्या शाळेतच गडबड असेल, तर आधी शाळेत काय चाललंय ते बघायला हवं. कानाने कमी ऐकू येणं, अपुरी झोप, थायरॉइड, चिंता, वाचन-लेखनातली अक्षमता, यांतलं काहीही वरवर असंच दिसतं. म्हणून पाच मिनिटांत शिक्का मारणाऱ्यावर माझा तरी विश्वास नाही. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत दाखव, असं वैनींनी भाईला सांगितलं.

मग गोळ्यांवरून जुंपली. फार्मसीवाल्याने सांगितलं, एडीएचडीवरचं मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत येतं. त्याला वेगळा परवाना लागतो, माल कुलपात ठेवायचा, प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत घ्यायचं आणि एक प्रत दोन वर्षं जपायची.

"बघ! म्हणजे अमली पदार्थच!" मास्तर.

"गैरवापर होऊ शकतो म्हणून कुलूप. ज्याला गरज आहे त्याच्यासाठी ते औषधच."

या गोळीने भूक मंदावते, झोप उडते. म्हणून उंची, वजन, रक्तदाब तपासत राहावं लागतं. ज्यांना ते मानवत नाही त्यांच्यासाठी अ‍ॅटोमॉक्सेटिन आहे, पण त्याचा गुण यायला काही आठवडे जातात. अगदी लहानग्यांना आधी गोळी देतच नाहीत. मुलाला कसं हाताळायचं ते आईबापांनाच शिकवतात: एका वेळी एकच काम सांगा, जमलं तर लगेच शाबासकी द्या.

एवढा वेळ गप्प असलेला बाबू मध्येच म्हणाला, "हे मोठ्यांना होतं का?" बाबू इलेक्ट्रिशियन. तिघांकडे अर्धवट वायरिंग, स्कूटरची चावी रोज हरवलेली.

"तुला आळस झालाय," मास्तर हसले. मला तो विनोद आवडला नाही.

वैनी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मोठेपणी एकदम उपटत नाही, लहानपणापासून असतं. धावपळ कमी होते, आतली अस्वस्थता उरते. सतरा वर्षं आणि त्यापुढे निदानासाठी एका गटातली (लक्ष न लागण्याची किंवा अतिचंचलतेची) सहाऐवजी पाच लक्षणं पुरतात. पण त्यांनी कामाचं, संसाराचं नुकसान होत असायला हवं. शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं आहेत का रे?"

"आयनं ठेवली असतील," बाबू म्हणाला.

"आणि मुली राहून जातात," वैनी पुढे म्हणाल्या. "त्या वर्ग डोक्यावर घेत नाहीत, गप्प बसून हरवतात. तक्रार कोण करणार?"

मास्तर भजं हातात धरून थांबले. "शेवटच्या बाकावर एक होती माझ्या वर्गात. सारखी खिडकीबाहेर बघायची. हुशार होती." मग लगेच सावरून भाईकडे वळले, "प्रश्नावलीत शिक्षकांना काय विचारतात रे? आणून दाखव मला. पण गोळी मात्र देऊ नकोस!"

"ते डॉक्टर ठरवतील," फार्मसीवाला म्हणाला, आणि वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.