‘इंग्रजांचे भाट’ म्हणण्याआधी ‘आसूड’ उघडा

११ एप्रिल आणि २८ नोव्हेंबर, म्हणजे जोतीराव फुल्यांची जयंती आणि पुण्यतिथी, जवळ आली की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द थोडे बदलतात, सार तेच राहते: फुले इंग्रजांचे भाट होते, त्यांचे लिखाण म्हणजे एका जातीला घातलेल्या शिव्या, त्यांनी उभी केलेली सत्यशोधक चळवळ ही एका माणसाची हौस होती, आणि स्त्रियांचा वाटा वगैरे सगळे पुढच्या अभ्यासकांनी चिकटवले. खाली ठरलेली ओळ असते, ‘मूळ पुस्तके वाचा म्हणजे कळेल’.

तेवढी सूचना चांगली आहे. मूळ पुस्तके दुर्मीळही नाहीत. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने फुल्यांचे समग्र वाङ्मय १९६९ साली काढले.

पहिला आरोप भाटगिरीचा. तो निराधार नाही. ‘गुलामगिरी’त (१८७३) इंग्रजी राज्याबद्दल कृतज्ञतेची वाक्ये आहेत आणि मजकूर फिरवणारे नेमकी तीच उचलतात. पण त्याच पुस्तकाच्या इंग्रजी प्रस्तावनेत सरकारच्या शिक्षण धोरणावर सरळ हल्ला आहे. सारा भरतो कुणबी, आणि तो पैसा खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा मुद्दा. वरच्यांना शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल, ही तेव्हाची सरकारी समजूत होती. १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी तीच पुन्हा खोडून काढली आणि बारा वर्षे वयापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा म्हणून मागणी केली.

मग येतो १८८३ सालचा ‘शेतकऱ्याचा आसूड’. भाटगिरीचा आरोप करणाऱ्यांनी पाचही प्रकरणे वाचू नयेत, दुसऱ्याचा नुसता मथळा वाचावा. सरकारी गोरे अधिकारी बहुतकरून ऐषआरामात गुंग असल्यामुळे शेतकऱ्यांची खरी स्थिती समजून घ्यायला त्यांना सवड नाही, अशी त्याची सुरुवात आहे. पुढे जंगलखात्यावरचा मजकूर येतो. डोंगर, टेकड्या, दऱ्याखोऱ्या, पडीक जमिनी आणि गायरानेसुद्धा या खात्याने गिळली, त्यामुळे गरीब शेतकऱ्याच्या शेरडाकरडांना रानचा वारा खाण्यापुरतीही जागा उरली नाही, असे ते लिहितात. विलायती मालाने इथल्या विणकर-कारागिरांची पोटे कशी मारली, तेही त्यात आहे. आणि तक्रार करून हा माणूस थांबत नाही. पावसाचे पाणी शेतात मुरावे म्हणून ठिकठिकाणी तालीवजा बंधारे घाला आणि त्या कामाला सरकारने आपले पलटणीतले लोक लावावेत, असा हिशेबी सल्लाही देतो.

या पुस्तकाचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. ‘दीनबंधू’ हे सत्यशोधकांचेच पत्र. त्यात ‘आसूड’ची पहिली दोन प्रकरणे आली आणि पुढची छापायला संपादक धजले नाहीत. जोतीराव इतके चिडले की आपल्याच माणसांच्या छापखान्यांना त्यांनी ‘भेकड’ म्हटले, आणि तेही लिहून ठेवले. त्यांच्या हयातीत पुस्तक पूर्ण छापून निघाले नाही. भाटगिरी छापायला कोण कशाला भिईल?

मग स्तुतीच्या वाक्यांचे काय करायचे? ती वाचायचीच, पण काळासकट. लोकहितवादींची (गोपाळ हरी देशमुखांची) शतपत्रे १८४८पासून ‘प्रभाकर’ या साप्ताहिकात येत होती, इंग्रजी राज्य ईश्वरी योजनेने आले असे त्यांत ठिकठिकाणी आहे. लोकहितवादी तर स्वतः सरकारी नोकरीत होते. त्यांना कोणी भाट म्हणत नाही, आणि म्हणूही नये. पेशवाई बुडाल्याचे दुःख सर्वांना सारखेच असायला हवे होते, हे गृहीतच मुळात चुकीचे आहे. ते का, हे मुक्ता नावाच्या मुलीचा निबंध वाचला की समजते.

ही मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी, फुल्यांच्या शाळेत शिकणारी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या पत्रात दोन हप्त्यांत आला. वेद जर फक्त ब्राह्मणांची मत्ता असतील, तर आम्हाला धर्मपुस्तकच नाही आणि आम्ही धर्मरहित ठरलो, असा पेच ती टाकते. बाजीरावाच्या काळात तालमीपुढून मांग-महार गेला तर त्याचे काय होई, ते ती सांगते. आणि मधेच बाळंतपणाचा विषय काढते: आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा वर छप्परसुद्धा नसते, थंडीपावसात त्यांची काय गत होत असेल ती स्वतःच्या अनुभवावरून ओळखा, असे ती वाचणाऱ्यांना सुनावते. हीच मुलगी इंग्रजी राज्याला बरे म्हणते. तिला हस्तक ठरवायचे असेल तर खुशाल ठरवा.

दुसरा आरोप द्वेषाचा. जोतीरावांची भाषा कडक आहे आणि काही ठिकाणी वाचवत नाही, हे मान्य. आर्य-भट इराणातून आले वगैरे त्यांचा इतिहासही आज जसाच्या तसा टिकत नाही; तो टिकवण्याचा खटाटोप करणाऱ्या भक्तांशी माझे जमत नाही. पण द्वेषच करायचा असता तर १८६३ साली त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह कोणासाठी उघडले? त्याची जास्तीत जास्त गरज पुनर्विवाहाची बंदी असलेल्या ब्राह्मण विधवांना होती. यशवंत हा त्यांनी दत्तक घेतलेला मुलगा अशाच एका विधवेचा.

आणि सावित्रीबाईंनी १८६८ साली नायगावहून जोतीरावांना लिहिलेले पत्र आहेच. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महार मुलगी यांचे प्रेम जमले, मुलगी गरोदर राहिली. गावाने दोघांना मारत मारत गावभर फिरवले, जीव घ्यायचीच तयारी होती. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रजी कायद्याची भीती घातली आणि दोघांना सोडवून जोतीरावांकडे पाठवून दिले. पत्रात या प्रसंगाबद्दल ना अभिमान ना उपदेश, फक्त घडलेली हकीकत आहे. सावित्रीबाईंच्या नावावर हल्ली जी गुळगुळीत सुविचारांची चित्रे फिरतात, त्यांपेक्षा हे पत्र फिरवायला काय हरकत आहे?

‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ जोतीरावांच्या मृत्यूनंतर १८९१ साली निघाले. एकाच घरात बायकोने बौद्ध व्हावे, नवऱ्याने ख्रिस्ती, मुलीने महंमदी आणि मुलाने सत्यधर्मी, आणि तरी सर्वांनी गोडीने राहावे, ही कल्पना त्यात मांडलेली आहे. आजसुद्धा कोणत्याही सोसायटीच्या ग्रुपवर हा उतारा टाकून पाहा.

‘एका माणसाची हौस’ या आरोपावर फार वेळ घालवायला नको. ‘दीनबंधू’ १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी काढले. पुढे ते नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत चालवले आणि गिरणी कामगारांची संघटना बांधली; रविवारची सुट्टी १८९०मध्ये मिळाली ती त्या लढ्यातून. शिवाय ही माणसे जोतीरावांच्या हो ला हो करणारी नव्हती, हे ‘आसूड’च्या भांडणावरून दिसतेच.

राहिला स्त्रियांचा वाटा. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी करण्यात आली. त्या निमित्ताने ‘पुणे वैभव’सारख्या पत्रांनी समस्त बायकांवर तोंडसुख घेतले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी उत्तर म्हणून १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापली. वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक. ताराबाईंचा राग एका जातीवर नाही. नवरा मेला की बायकोने केस काढून कोपऱ्यात बसावे, मग बायको मेल्यावर तुम्ही मिशा भादरून रानात का जात नाही, असा त्यांचा सवाल सगळ्याच पुरुषांना आहे. शास्त्रकारांना त्या सोडत नाहीत आणि पुराणातल्या देवांनाही नाही. मराठमोळ्या घरातला कोंडमारा त्यांनी स्वतः भोगलेला होता, त्यामुळे आपल्या जातीचीही गय नाही.

पुस्तकावर टीका झाली तेव्हा जोतीरावांनी आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात (१८८५) त्यांची बाजू घेतली. त्याच वर्षीच्या पहिल्या अंकात पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती होण्याची चर्चा होती. रमाबाई कोकणस्थ ब्राह्मण आणि ताराबाई मराठा, पण फुल्यांनी कड घेतली ती दोघींची.