सात वजाबाक्यांची स्कूटर

आमच्या इमारतीच्या वाहनतळात रोज सकाळी मला अडवले जाते, आणि अडवणारा रखवालदार नसून गणिताचे एक निवृत्त शिक्षक असतात. गुरुजींची कापरेकरांवर निस्सीम भक्ती आहे. देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी १९४९ मध्ये ६१७४ या संख्येचा स्वभाव ओळखला, तो असा: चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी, तिचे अंक आधी उतरत्या आणि मग चढत्या क्रमाने मांडावेत, मोठीतून लहान वजा करावी, आणि आलेले उत्तर पुन्हा याच चरकात घालावे, चारही अंक एकसारखे नसतील, तर जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ हाती येते. पुढे कितीही पिळले तरी ती बधत नाही, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४.

शेजारच्या काकूंच्या गाडीचा क्रमांक ३०८७, त्यामुळे त्यांची दोन वजाबाक्यांत सुटका होते. माझ्या स्कूटरच्या नशिबी २००५ आहे. ५२०० वजा २५ बरोबर ५१७५. तेथून ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ असे करत सातव्या खेपेस ६१७४ उगवते, म्हणजे नियमाने दिलेली कमाल शिक्षा मी पूर्ण भोगतो. गुरुजींना गणकयंत्र वर्ज्य असल्यामुळे हे सारे आसनावरच्या धुळीत बोटाने करावे लागते, आणि तिकडे कचेरीतले हजेरीचे यंत्र वाट पाहत नसते. "गुरुजी, उत्तर कालचेच येणार," असे मी एकदा सुचवून पाहिले. "तीच तर गंमत आहे!" असे म्हणून त्यांनी आसनाचा कोरा कोपरा दाखवला.

आमच्या सचिवांनी ज्यादा शुल्क भरून ११११ हा क्रमांक मिळवला आहे. पहिल्याच वजाबाकीत त्याचे शून्य होते, हे गुरुजींनी वार्षिक सभेत सर्वांसमक्ष सिद्ध केले. त्या एका उपकारापोटी मी त्यांना पुष्कळ काही माफ केले आहे.

शिवाय ६१७४ ही संख्या खरोखरच अजब आहे. तिच्या अंकांची बेरीज १८; १८ ने तिला भागले की ३४३, म्हणजे ७ चा घन येतो; आणि १८, १८ चा वर्ग व १८ चा घन यांची बेरीज केली की पुन्हा ६१७४. हा शेवटचा पडताळा मी कचेरीत, बैठक चालू असताना, वहीच्या मागच्या पानावर केला, आणि त्या बैठकीतून तेवढेच काय ते निष्पन्न झाले.

अलीकडे गुरुजींची दृष्टी दारांवरील क्रमांकांकडे वळली आहे. दोन अंकी संख्यांना असे एकच विश्रांतिस्थान नसते. त्या ९ (म्हणजे ०९), ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ अशा फेऱ्यात अखंड फिरत राहतात. आमच्या सदनिकेचा क्रमांक २७ आहे. रविवारी निवांत येतो, असा गुरुजींचा निरोप आहे, आणि चहाचे आधण किती वेळा ठेवायचे, असे सौभाग्यवती मला विचारत आहेत.