सोनं नाही हो ते, आजी!

मला आजी म्हणणारा माणूस माझ्याहून निदान पाच वर्षांनी मोठा होता, हे आधीच सांगून ठेवते. स्वेटर, कानटोपी, आणि बाहेर अमेरिकेतल्या एडिसन गावचा जुलै.

लेकीकडे आले की मी नातवासाठी डॉलरची नाणी जमवते. ती सोनेरी. दुकानात सुट्ट्यात कधी मिळत नाहीत, कारण लोकांनी वापरलीच नाहीत, 140 कोटी नाणी सरकारी तिजोऱ्यांत साचली आणि 2011 च्या शेवटी चलनासाठी पाडणंच थांबवलं, आता फक्त हौशी लोकांसाठी काढतात. मग बँकेत जाऊन विचारायचं, कोणी भरलीत का म्हणून. खिडकीतली पोरगी बघून येते म्हणाली आणि आत गेली ती गेलीच. मी अगं बाई म्हटलं आणि मागून आवाज आला, "मराठी का?"

झालं.

"नातवाला? सोनं नाही हो ते, आजी. पितळ आहे, पितळ!"

मी कधी म्हटलं सोनं? तांबं, जस्त, मँगनीज, थोडं निकेल, मला सगळं पाठ आहे. नमुना म्हणून पर्समधलं एक नाणं दाखवलं तर त्यांनी ते सरळ काउंटरवर आपटलं. खण्ण! "बघा, वाजत नाही." वाजलं की हो! अख्खी रांग वळून बघायला लागली.

"वर्ष कुठंय ह्याच्यावर? खोटं दिसतंय."

"कडेवर असतं. फिरवा."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ते गोल गोल फिरवलं, वर्ष सापडल्यावर माझ्याकडेच संशयाने बघितलं. "राष्ट्राध्यक्ष असतात ना? ओबामा आहे?"

"नाही, माणूस जाऊन दोन वर्षं व्हावी लागतात. कायदाच आहे तसा."

"म्हणजे वर्षश्राद्ध होऊन वर आणखी एक वर्ष?"

"हो."

"मग ओबामा?"

"अहो, ते जिवंत आहेत!"

"असं होय," म्हणाले, जणू बातमी आत्ताच कळली. मग मोबाइल काढून हिशोब. "हे पाच डॉलर फंडात टाका, आठ टक्के धरा, अठरा वर्षांनी किती? वीस!" वीस हा आकडा त्यांनी असा काही उच्चारला की सिक्युरिटीवालाही दचकला. अठरा वर्षांनी वीस डॉलरमध्ये इथे समोशाची प्लेट तरी येईल का?

आणि खरं सांगू, इथे राग आला. पोराच्या नावाने फंड आहे, कॉलेजचं खातं आहे, आईबापांनी जन्मायच्या आधीपासून एक्सेल शीट केलीय. हातात धरायला काय आहे त्याच्या? माझ्या आजीने मला 1943 चा भोकाचा पैसा दिला होता, तेव्हा तो बाजारात कधीच बंद झाला होता, पण परतावा किती असं तिला कोणी विचारलं नाही. आणि नाण्यांना नाक मुरडायचं असेल तर आपल्याकडे काय कमी आहे, दहाचं नाणं चालतं म्हणून रिझर्व्ह बँक सांगून सांगून थकली तरी आमच्या कोपऱ्यावरचा वाणी "हे वालं नको" म्हणतोच.

तेवढ्यात पोरगी सात नाणी घेऊन आली. त्यात दोन सॅकाजविया, म्हणजे ती अमेरिकेतली आदिवासी बाई! मला तीच हवी असते, पाठुंगळी बाळ घेऊन मागे वळून बघणारी. मी पर्समध्ये नोट शोधतेय तोवर कानटोपी पुढे वाकली आणि चांगल्या खणखणीत इंग्रजीत म्हणाली, ती दोन मला द्या, माझी नात आहे.

"पण काका, पितळ ना ते?"

"अहो आजी, पोरांना कुठे कळतंय!"

रांग चुळबुळत होती, लेक गाडीतून फोन करत होती, त्या पोरीने हसून देऊनही टाकली. आणि माझं नमुन्याचं नाणं त्यांच्या खिशातून मला मागून घ्यावं लागलं, ते वेगळंच.

मला उरले जुने राष्ट्राध्यक्ष, चार फिलमोर आणि एक बुकॅनन. फिलमोर कोण, हे त्या पोरीलाही माहीत नव्हतं.