सव्वादहाचं क्रियापद

सोलमध्ये राहतो म्हटलं की लोक विचारतात थंडी झेपते का, किमची झेपते का. दोन्ही झेपतं हो, शेजारच्या काकूंचा बारावीतला मुलगा तेवढा झेपत नाही. इथे क्लासेस रात्री दहाला बंद करायचा नियमच आहे, त्यामुळे हे बाळ सव्वादहाला वही घेऊन आमच्या दारात हजर, 'सॉनसेंगनिम, एकच प्रश्न!' सॉनसेंगनिम म्हणजे गुरुजी, आणि गुरुजी त्या वेळी कुकर घासत असतात. पण बोलायची सोय नाही, नोव्हेंबरात त्यांची सुनुंग, म्हणजे कॉलेज प्रवेशाची परीक्षा असते आणि तिच्या इंग्लिश लिसनिंगसाठी देशभरातली विमानांची चढउतार ३५ मिनिटं थांबवतात, तिथे माझ्या झोपेला कोण विचारतो.

परवा क्रियापद होतं चीट. अर्थ पाठ, पण तोंडात येतं कन्निंग, कारण कोरियनमध्ये परीक्षेतल्या कॉपीला कन्निंगच म्हणतात, पुढे हादा जोडायचं, हादा म्हणजे आपलं करणे, की झालं क्रियापद तयार. म्हटलं बाबा रे, इंग्लिशमध्ये कनिंग म्हणजे धूर्त, माणूस धूर्त असतो, धूर्त करत नाही. तर म्हणे मग चीट कुठून आलं, मूळ कळलं की शब्द विसरत नाही असं पुस्तकात लिहिलंय. (ही पुस्तकं लिहिणाऱ्यांना एकदा सव्वादहाला घरी बोलवायचंय.)

आता मूळ निघालं एस्चीट. जुन्या इंग्लंडात जमीनदार बिनवारस मेला की जमीन वरच्या सरदाराकडे नाहीतर राजाकडे जायची, ते एस्चीट, आणि राजातर्फे ते बघणारा अंमलदार एस्चीटर. हे लोक वारस असला तरी काहीतरी खुसपट काढून जमीन लाटायचे, इतके बदनाम झाले की त्यांच्या हुद्द्यातूनच फसवणे हा अर्थ आला. पोराचा चेहरा कोराच. शेवटी सातारा काढलं, १८४८, राजे वारले, दत्तक घेतलेला मुलगा डलहौसीने मानला नाही आणि राज्य खालसा.

पोरगं उजळलं. 'म्हणजे डलहौसीने कन्निंग हादा?'

आता यात चूक काय काढणार, दोन्ही भाषांत बरोबर बसत होतं! वहीत लिहूनसुद्धा घेतलं त्याने. चप्पल घालता घालता विचारतो, तुमच्याकडे याला काय म्हणतात? म्हटलं कॉपी करणे. लगेच, त्याचं मूळ? लॅटिन कोपिया, म्हणजे मुबलकता. आमच्याकडच्या काही सेंटरांना ते फारच चपखल बसतं, पण तेवढं मी सांगितलं नाही, अकरा वाजत आले होते.