सेन्सर म्हणजे माती परीक्षण नव्हे

‘स्वस्तातला सेन्सर मातीत खुपसा, खत किती घालायचं ते मोबाइलवर दिसेल, माती परीक्षणाची गरजच नाही’ असा मेसेज शेतकऱ्यांच्या गटांत फिरतोय. तो चुकीचा आहे. हा सेन्सर फक्त ओलावा सांगतो, तोही अंदाजाने. नत्र, स्फुरद, पालाश ही पिकाची मुख्य अन्नद्रव्यं त्याला कळत नाहीत. आपल्या खाजनात (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या सखल शेतात) तर आणखी पंचाईत: मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, खारं पाणी आत आलं की मातीची विद्युतवाहकता वाढते आणि मातीच्या विद्युत गुणांवरून ओल ठरवणारा हा सेन्सर आहे त्याहून जास्त ओल दाखवू शकतो. माती परीक्षणानंतर मिळणाऱ्या, २०१५ पासूनच्या सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक तपासलेले असतात, क्षारताही त्यातच. कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) ठिबक कधी सोडायचं यासाठी सेन्सर खुशाल वापरा, पण आधी आपल्याच मातीत, सुक्या आणि भिजवलेल्या, त्याचे आकडे पडताळून घ्या.