पत्र स्वीकारायचे आणि अडगळीत टाकायचे

डेबियन या लिनक्स प्रणालीवर पोस्टफिक्स (ईमेल पाठवणारा आणि घेणारा प्रोग्रॅम) आणि डोव्हकॉट (आलेली ईमेल पेटीत ठेवून वाचायला देणारा प्रोग्रॅम) बसवून स्वतःचा मेल सर्व्हर, म्हणजे ईमेलची ने-आण करणारा संगणक, उभा करता येतो. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे भरवशाने चालत आली आहेत, त्यांची माहितीपत्रके नीट लिहिलेली आहेत आणि ती शांतपणे वाचणाऱ्याला हे काम जमते. माझा संताप त्यापुढच्या गोष्टीचा आहे. सर्व्हर निर्दोष चालत असूनही त्यावरून गेलेले पत्र समोरच्याच्या इनबॉक्समध्ये दिसत नाही, आणि ते का दिसत नाही हे सांगायला कोणी बांधील नाही.

मागितले ते सगळे मी केले. डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीत, एसपीएफची (माझ्या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात हे सांगणारी) नोंद घातली, प्रत्येक पत्रावर डीकेआयएमची (पत्र खरे असल्याची खूण असलेली) डिजिटल सही होईल अशी व्यवस्था केली, या तपासण्यांत नापास झालेल्या पत्राचे काय करावे हे सांगणारे डीमार्कचे धोरण जाहीर केले, सांकेतिक जोडणीसाठी लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे प्रमाणपत्र घेतले आणि सर्व्हर परक्यांची पत्रे पुढे पाठवत नाही याची खात्री करून घेतली. आयपी पत्त्यावरून (सर्व्हरच्या इंटरनेटवरील क्रमांकावरून) सर्व्हरचे नाव सांगणारी पीटीआर नोंद आपल्या हातात नसते, म्हणून सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीला विनंती केली. त्या कंपनीने बंद ठेवलेले २५ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे सर्व्हर एकमेकांना पत्रे देतात ते दार, उघडून घेण्यासाठी आणखी एक विनंती केली. घरच्या ब्रॉडबँडच्या पत्त्यांवरून थेट आलेली पत्रे बहुतेक सर्व्हर दारातूनच परत पाठवतात, हे मला मान्य आहे, कारण विषाणू शिरलेल्या घरगुती संगणकांनी खरोखरच स्पॅमचा पूर आणला होता आणि तिथे निदान नकाराचे कारण तरी कळते.

पण इथे काय होते? घरमालकांना भाडेकराराचा मसुदा पाठवला. पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये (कामाच्या आपोआप होणाऱ्या नोंदींत) समोरच्या सर्व्हरचे उत्तर स्पष्ट होते: २५०, म्हणजे पत्र स्वीकारले. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे दस्तऐवज; त्यांतल्या २००८ सालच्या आरएफसी ५३२१ प्रमाणे हे उत्तर देणारा सर्व्हर पत्र पोचवण्याची जबाबदारी घेतो आणि ती त्याने गांभीर्याने पाळायची असते. घरमालकांचे ईमेल खाते जिच्याकडे आहे त्या मोठ्या कंपनीने जबाबदारी घेतली आणि मसुदा स्पॅममध्ये लोटला. घरमालक माझी वाट पाहत राहिले, मी त्यांच्या उत्तराची, आणि दोघांनाही काही कळले नाही. दाराशी नाकारले असते तर मी निदान फोन केला असता!

दुसऱ्या एका मोठ्या कंपनीने ५५०, म्हणजे नकाराचे उत्तर, देऊन पत्र परत पाठवले. माझ्या आयपी पत्त्यावरून कधीही स्पॅम गेलेला नाही, पण त्याच पट्ट्यातल्या, म्हणजे लागोपाठच्या आयपी पत्त्यांतल्या, कुण्या शेजाऱ्याच्या पापापायी सगळा पट्टाच त्यांनी काळ्या यादीत टाकला आहे. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे. यादीतून काढावे म्हणून अर्ज भरला, तर यंत्राने लिहिलेले उत्तर आले की हा पत्ता सवलतीस पात्र नाही. कोणत्या निकषावर, ते गुपित. आणि माझ्या पेटीत येणारी कित्येक फसवी पत्रे याच मोठ्या कंपन्यांच्या फुकट खात्यांवरून, बिनचूक सहीसह येतात. त्यांचा पट्टा मात्र कोणी बंद करत नाही, कारण तसे केले तर निम्म्या जगाची पत्रे अडतील आणि ते कोणालाच परवडणार नाही. म्हणजे वागणूक बघायचीच नाही, फक्त आकार बघायचा.

यावर जो तो सल्ला देतो की पैसे भरून एखाद्या रिले सेवेमार्फत, म्हणजे आपली पत्रे घेऊन पुढे पोचवणाऱ्या कंपनीमार्फत, पत्रे पाठवावीत. का पाठवावीत? आपली पत्रे परक्याच्या यंत्रातून जाऊ नयेत यासाठीच तर हा सर्व्हर उभा केला. १९८२ साली आरएफसी ८२१ मध्ये एसएमटीपी, म्हणजे सर्व्हरनी एकमेकांना ईमेल देण्याचा नियमसंच, मांडला गेला, तेव्हा कोणताही सर्व्हर दुसऱ्या कोणत्याही सर्व्हरशी थेट बोलू शकेल हाच त्याचा पाया होता. आता त्या पायावर मोजक्या कंपन्यांनी आपली दारे बांधली आहेत आणि छोट्याने आत यायचे तर त्यांच्यापैकीच कोणाला तरी भाडे द्यायचे.

माझी मागणी फार मोठी नाही. पत्र नको असेल तर त्याच क्षणी, कारण सांगून नाकारा, आणि त्या कारणावर बोलायला एक माणूस ठेवा. पत्रे स्वीकारणाऱ्या प्रत्येक डोमेनवर पोस्टमास्टर नावाचा पत्ता चालू असलाच पाहिजे, असे त्याच आरएफसी ५३२१ मध्ये लिहिलेले आहे. त्या दोन्ही कंपन्यांच्या पोस्टमास्टरना मी सविस्तर, लॉगसकट लिहिले आहे. आजवर एकाही माणसाचे उत्तर आलेले नाही.