पॉवर बँक चेक-इनला टाका म्हणे!

विमानात न्यायच्या सॅकबद्दल एक लांबलचक फॉरवर्ड सध्या फिरतोय. "ट्रॉली घेऊ नका, सॅक घ्या, हे गुपित एअरलाइनवाले सांगत नाहीत" अशी सुरुवात, मग सात मुद्दे, शेवटी हात जोडलेले इमोजी आणि "किमान दहा जणांना पाठवा". एरवी मी उघडलाही नसता. पण आमचे मामा-मामी लेकीकडे डब्लिनला निघालेत, आणि मामांनी या फॉरवर्डची चक्क प्रिंट काढून त्यावर टिकमार्क करत पॅकिंग सुरू केलंय. समजावून सांगायला गेलं तर म्हणतात, अरे लिहिणारा अनुभवी माणूस आहे. कोण माणूस, कसला अनुभव, काही पत्ता नाही.

आधी तोच मुद्दा घेतो ज्यामुळे माझं डोकं फिरलं. "कोरियात पॉवर बँकमुळे अख्खं विमान जळालं, म्हणून पॉवर बँक केबिनच्या सॅकमध्ये ठेवू नका, चेक-इनच्या बॅगेत टाका, सॅकही हलकी होते." आता गंमत अशी की यातली घटना खरी आहे. २८ जानेवारी २०२५ ला बुसानच्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं हाँगकाँगला निघालेलं विमान उड्डाणाआधीच पेटलं, आग वरच्या सामानाच्या कप्प्यातून सुरू झाली, आतले १७६ च्या १७६ जण बाहेर पडले, आणि तपासात संशय पॉवर बँकेवरच गेला. इथपर्यंत बरोबर. पण त्यावरून कोरियाने काय केलं? १ मार्चपासून नियम आणला की पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायची नाही, अंगाजवळ ठेवायची. म्हणजे प्रवाशाच्या आणखी जवळ आणली! आणि हा फॉरवर्डवाला ती उचलून थेट विमानाच्या पोटात, चेक-इनच्या सामानाच्या ढिगात टाकायला सांगतोय.

का ते एकदा समजून घ्या म्हणजे कोणी काही पाठवलं तरी फसणार नाही. लिथियमची बॅटरी बिघडली की तिची उष्णता तिची तीच वाढवत नेते, एक सेल तापला की शेजारचा तापतो. खालच्या कार्गोमध्ये आग विझवायचा जो हॅलॉन वायू असतो तो ज्वाळा दाबतो, पण आतली ही तापायची साखळी तोडत नाही, शिवाय तिथे बघायला कोणी नसतं. केबिनमध्ये निदान धूर दिसतो, वास येतो, कोणीतरी ओरडतं, क्रू धावत येतो आणि पाणी ओतून ती गार करत राहता येते. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या इंडिगोच्या विमानात नेमकं हेच झालं, सीटच्या मागच्या खिशातली पॉवर बँक पेटली, क्रूने विझवली, कोणाला काही झालं नाही. तीच बॅटरी खाली चेक-इनच्या बॅगेत कपड्यांमध्ये दाबलेली असती तर? विचार करा.

आणि हे माझं मत नाहीये. आयाटा, म्हणजे विमान कंपन्यांची जागतिक संघटना, तिच्या धोकादायक मालाच्या नियमावलीत प्रवाशांसाठी एक तक्ता आहे, टेबल २.३.ए, त्यात पॉवर बँक ही सुटी बॅटरी धरलीय आणि सुटी बॅटरी फक्त केबिनमध्ये, चेक-इनमध्ये नाही. १०० वॉट-अवरपर्यंत (बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं हे माप) परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी, त्यावर बंदच. मामांची २०,००० एमएएचची आहे, तिला ३.७ व्होल्टने गुणून हजाराने भागलं की ७४ येतात, म्हणजे आरामात बसते. फक्त विमानात ती वापरायची नाही असं आता बऱ्याच एअरलाइन सांगतात, एमिरेट्सने तर १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात वापरण्यावर बंदीच घातलीय. म्हणून सॅक बघताना मी तर आधी हे बघेन की बाहेरून पटकन हात जाईल असा एक चेनचा कप्पा आहे का, कारण विमान भरलेलं असलं की गेटवर सॅक काढून घेऊन खाली टाकतात, तेव्हा पॉवर बँक बाहेर काढून हातात घ्यावीच लागते आणि मागे रांग उभी असताना अंथरुणासारखी अख्खी सॅक उसकटत बसायची वेळ येते.

दुसरा मुद्दा, "सॅक पाठीला असली की वजन करत नाहीत." बरं, अर्धवट खरंय. काउंटरवरचा माणूस ट्रॉली काट्यावर ठेवायला सांगतो आणि पाठीवरच्या सॅककडे बघतही नाही, हे मीही पाहिलंय. पण हा नियम नव्हे, त्याचा कंटाळा आहे. आपल्याकडे इकॉनॉमीला साधारण ७ किलो धरतात, त्यात सॅकचं स्वतःचं वजनही आलं. खरा फायदा इथे आहे आणि तो फॉरवर्डमध्ये लिहिलेलाच नाही: चाकं, दांडा आणि कडक बॉडीची केबिन ट्रॉली रिकामीच अडीच-तीन किलो भरते, बरी सॅक एक ते दीड किलोत येते. म्हणजे सामानाला चारच्या जागी साडेपाच किलो मिळतात. वजन लपवायची गरजच काय मग? घरच्या काट्यावर सॅक घेऊन उभं राहा, मग सॅकशिवाय, वजाबाकी करा, झालं.

"४० लिटरपर्यंतची सॅक कुठल्याही विमानात चालते." नाही चालत. विमानवाले लिटर मोजत नाहीत, सेंटीमीटर मोजतात. लांबी, रुंदी, उंची मिळून ११५ ही आपल्याकडची नेहमीची मर्यादा, म्हणजे ५५ बाय ३५ बाय २५ किंवा ५५ बाय ४० बाय २०. याच मापाची ४० लिटरची ट्रॅव्हल सॅक बसते, पण गडावर नेतो ती उंच, आत पाठीच्या आधाराची कडक पट्टी असलेली सॅक तेवढ्याच लिटरची असली तरी अडकते कारण पट्टी काही दबत नाही. आणि मामा तर पुढे डब्लिनहून रोमला रायनएअर या युरोपातल्या स्वस्त एअरलाइनने जायचं म्हणतायत! तिथे फुकटात ४० बाय ३० बाय २० एवढीच बॅग, हिशेब केला तर २४ लिटर. त्यांचे प्रमुख मायकल ओ'लिअरी यांनी २०२५ मध्ये उघड सांगितलं होतं की मोठी बॅग पकडणाऱ्या कर्मचाऱ्याला बॅगमागे दीड युरो मिळतो आणि तो अडीच करणार. तिथला माणूस कंटाळा करेल अशी आशा ठेवू नका.

"डेनियर जितकं जास्त तितकी सॅक भारी." भारी म्हणजे जड, हो, नक्कीच. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. हलकी सॅक हवीय आणि १६८० डेनियर शोधताय? बारीक चौकटी दिसतात ते २१० डेनियरचं रिपस्टॉप नायलॉन ७ किलोला पुरून उरतं. कापडापेक्षा बंद जिथे शिवलेत तो टाका आणि चेन बघा, सॅक बहुतेक तिथूनच जाते.

यूएसबी पोर्टवाली सॅक घ्या म्हणे. त्यात बहुतेक वेळा नुसती एक वायर असते, पॉवर बँक आपलीच जोडायची. बॅटरी आतच बसवलेली असेल तर ती काढता येते का ते विचारा, नाहीतर घेऊच नका.

कमरेचा पट्टा म्हणजे कंपन्यांची लूट, यावर मात्र मी भांडणार नाही. १२-१५ किलो घेऊन चढायचं असेल तर भार कमरेवर आलाच पाहिजे, पण ७ किलोला जाड गादीचा पट्टा म्हणजे उगाच वजन. छातीचा पट्टा पुरतो.

राहिलं "वॉटरप्रूफ सॅक घ्या". वॉटरप्रूफ नुसतं कापड असतं, शिलाई आणि चेन नसते. आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालून त्यात कपडे भरा, सह्याद्रीत पावसाळ्यात फिरणारे सगळे हेच करतात, आणि तिचं वजन काट्यावर दिसतही नाही.